तेलसाठ्यातील जिवाणू व जैवबहुवारिके : एक परिचय

प्रस्तावना : लोधीखेडा, सौंसर, पांढुर्णा हा संत्र्याचा पट्टा. लिंबूवर्गीय झाडांच्या पानाफळांवर खडबडीत ठिपके पाडणारा खैऱ्या किंवा कँकर रोग येथील शेतकऱ्यांना अपरिचित नाही. तो झँथोमोनास कुळातील जिवाणूमुळे होतो. याच कुळातील, कोबीवर रोग आणणारा दुसरा जिवाणू साखरेपासून झँथन नावाचा चिकट पदार्थ तयार करतो. हे जैवबहुवारिक खनिज तेल काढण्याच्या कामी येते. प्रस्तुत लेखात या तंत्राचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

तेल मागे का राहते? : जमिनीखाली तेलाचे तळे नसते, खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत तेल मुरलेले असते. प्रथम ते नैसर्गिक दाबाने वर येते, नंतर पाणी सोडून ढकलले जाते. तरीही बहुधा निम्मे किंवा त्याहून अधिक तेल खडकातच राहते. याची दोन प्रमुख कारणे आहेत. एक, तेल छिद्रांत अडकून बसते. दोन, पातळ पाणी सोपी वाट धरून तेलाला वळसा घालते.

उपाय : झँथनमुळे पाणी दाट होते व तेलाला सारखे पुढे रेटते. काही जिवाणू साबणासारखे पदार्थ निर्माण करतात. त्यामुळे अडकलेले तेल सुटते. त्यांनी सोडलेल्या वायूने दाब वाढतो. मळीसारखे स्वस्त खाद्य देऊन हे जिवाणू साठ्यातच वाढविता येतात. ही कल्पना १९२६ मध्येच मांडली गेली होती. मात्र खोल साठ्यात प्राणवायू नसतो आणि उष्णता प्रचंड असते; तेथे सामान्य जिवाणू तग धरत नाहीत.

पुण्यातील संशोधन : पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अरोरा, रानडे व ढाकेफळकर यांनी २०१४ मध्ये ९६ अंश सेल्सिअसला उत्तम वाढणारा जिवाणूसमूह प्रसिद्ध केला. त्यात क्लॉस्ट्रिडियम कुळातील चार प्रकार होते. वाळू भरलेल्या नळीत त्याने तेलप्राप्ती २६.७ टक्क्यांनी वाढली. खडकाच्या नमुन्यात मात्र वाढ १०.१ टक्केच आढळली.

निष्कर्ष : हा फरक अध्यापकांनी विशेष लक्षात घ्यावा. वाळूची नळी एकसारखी असते. खडकातील वाटा अरुंद व वाकड्या असतात. प्रत्यक्ष साठ्यात तर भेगा, क्षार आणि दुर्गंधीयुक्त, गंजकारक वायू निर्माण करणारे इतर जिवाणूही असतात. म्हणून 'जिवाणूंमुळे तेल वाढते' एवढे सांगून धडा संपवू नये. टक्केवारी नळीतील, खडकातील की विहिरीतील, हा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः विचारला पाहिजे. भारत आपल्या गरजेच्या चार-पंचमांशाहून अधिक कच्चे तेल आयात करतो. अशा देशात दहा टक्क्यांचे मोलही कमी नाही, परंतु ते दहाच आहेत हे सांगणे अध्यापकाचे कर्तव्य आहे.