पांढऱ्या तबकडीची साक्ष

समुद्राच्या पोटांत मोजमाप करावयाचें म्हटलें कीं, मोठें जहाज, नाजूक यंत्रें आणि विपुल द्रव्य यांवांचून तें शक्य नाहीं, असा सर्वसाधारण समज असतो. परंतु पाण्याचा नितळपणा मोजण्याचें एक साधन इतकें साधें आहे कीं, पत्र्याची गोल तबकडी, थोडा पांढरा रंग, एक वजन आणि खुणा केलेली दोरी एवढ्यावर तें सिद्ध होतें.

त्याचा जनक एक ज्योतिर्विद होता. रोम येथील वेधशाळेचे संचालक आंजेलो सेक्की १८६५ सालीं पोपच्या नौकेवरून भूमध्य समुद्रांत गेले आणि निरनिराळ्या तबकड्या पाण्यांत सोडून त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात, हें त्यांनीं टिपून ठेवलें.

ही रीत सोपी असली तरी तींत शिस्त हवी. सूर्य माथ्यावर असतांना तबकडी नावेच्या सावलीच्या बाजूस सोडावी. ती दिसेनाशी होतांच दोरीवरील खूण पाहावी. मग आणखी थोडी सोडून हळूहळू वर ओढावी आणि ती पुन्हां दिसूं लागते तेथील खूण घ्यावी. दोहोंची सरासरी हें उत्तर. पावसाळ्यांतील गढूळ खाडींत तें एक मीटरहि भरत नाहीं. १९८६ सालीं दक्षिण ध्रुवाकडील वेडेल समुद्रांत तें सुमारें ८० मीटर भरलें.

नद्यांचा गाळ जेथें पोंचत नाहीं, अशा खुल्या समुद्रांत तबकडी लौकर लोपली, तर त्याचें मुख्य कारण पाण्यांत तरंगणारी सूक्ष्म वनस्पति असते. मासळीचें अन्न अखेर तिच्यावरच अवलंबून आहे. ही वनस्पति शतकभर घटत आली आहे, असा निष्कर्ष २०१० सालीं कॅनडांतील तीन शास्त्रज्ञांनीं काढला. त्यांनीं तबकडीच्या जुन्या नोंदी आणि हरितद्रव्याचीं मोजमापें एकत्र जुळविलीं होतीं. अशा जुळणीमुळेंच घट भासते, असा आक्षेप इतरांनीं घेतला. पुढें २०१३ सालीं इंग्लंडांतून जगभरच्या नाविकांना आवाहन करण्यांत आलें कीं, त्यांनीं स्वतः तबकडी बनवून नोंदी पाठवाव्या.

शंभर वर्षांपूर्वींच्या समुद्राला आजचें कोणतेंहि महागडें यंत्र लावतां येत नाहीं. त्याची साक्ष मिळते ती त्या वेळीं कोणी दोरी हातीं धरून प्रामाणिकपणें लिहून ठेवलेल्या आंकड्यांतूनच.