शिवनेरीची वाट

फेब्रुवारी लागला की कल्याण, डोंबिवली, ठाणे या भागातली पोरे शिवनेरीला निघतात. 19 तारखेला शिवजयंती. गडावर मशाल पेटवायची आणि पाळीपाळीने धावत ती आपल्या गावी आणायची. हीच शिवज्योत. काही जण जातानाही पायीच जातात. तुमच्या गावची मंडळी जाणार असतील, तर त्यांनी आधी वाटेची चौकशी करावी. कशाची करावी, ते सांगतो.

वाट जुनी आहे. कल्याणहून मुरबाड, टोकावडे, वैशाखरे. तिथून नाणेघाट चढायचा. वर घाटघर, आणि मग जुन्नर. सगळी मिळून शंभर किलोमीटरच्या आसपास चाल होते. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदरात उतरलेला माल याच घाटाने वर देशावर जाई. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकात टाकत, असे म्हणतात. जवळच्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख कोरलेला आहे. एवढे व्यापारी गेले म्हणून वाट सोपी, असे मात्र समजू नका.

पावसाळ्यात डोंगराची माती पाणी पिऊन जड होते आणि एकदम खाली येते. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव असेच गाडले गेले. दीडशेच्या आसपास माणसे गेली. म्हणून जोराच्या पावसात सरकार घाटवाटा आणि धबधबे काही दिवस बंद करते. लोक चिडतात. आम्हीही चिडायचो.

एका श्रावणात आम्ही सात जण एका घाटाखाली पोचलो. झाडाला पाटी लावलेली होती. सातही जण वाचणारे! पण असेल कसली तरी जाहिरात, असे म्हणून पुढे गेलो. अर्ध्या चढावर ओढा आडवा आला. कमरेएवढे पाणी. मागे वळलो, तर मघाशी ओलांडलेला ओढाही चढलेला. अंधार पडेस्तोवर कपारीत भिजत बसलो. उतरताना बॅटरीच्या उजेडात ती पाटी वाचली. ‘वाट बंद’ एवढेच दोन शब्द होते.

फेब्रुवारीत पावसाचे भय नाही. तेव्हा गवत वाळलेले असते. विडीचे एक थोटूक पडले तरी वणवा लागतो. मशाल घेऊन जाणाऱ्यांनी तर फार जपावे. जंगलातून जाताना मशाल बंद कंदिलात ठेवावी, असे आमचे मत आहे. ज्योत तीच राहते.

आता बिबट्याचे बघू. घाट ओलांडला की वाघराची भीती संपली, असे पुष्कळांना वाटते. खरे उलटे आहे. जुन्नरकडचा बिबट्या डोंगरापेक्षा उसात जास्त राहतो. उसात त्याला आडोसा मिळतो, पाणी मिळते. वस्तीजवळ कुत्री, शेळ्या, डुकरे आयती मिळतात. मादी उसातच पिले घालते. आणि शिवजयंतीच्या सुमाराला ऊसतोड चालू असते. फड तुटला की तिचे घर मोडते. पिले तोंडात धरून ती दुसरा फड शोधत हिंडते. नेमक्या त्याच दिवसांत, रात्रीच्या वेळी, आपली पोरे त्या रस्त्याने धावत असतात.

मग बिबटे पकडून लांब का सोडत नाहीत? तेही करून झाले. 2001 ते 2003 या काळात जुन्नर भागात शंभराच्या आसपास बिबटे पकडून दुसरीकडे सोडले. अभ्यासकांनी पुढे हिशेब मांडला. माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी 4 होते, ते 17 झाले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते. मोकळ्या झालेल्या जागी दुसरा बिबट्या येतो तो वेगळाच. येऊरच्या वारल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाघोबा पुजला. त्याच्या वाटेत रात्री जायचे नाही, एवढे त्यांना ठाऊक होते.

बिबट्या उभ्या, मोठ्या माणसाला सहसा टाळतो. वाकलेले किंवा खाली बसलेले माणूस त्याला लहान जनावरासारखे दिसते. म्हणून शौचाला उसाच्या कडेला एकट्याने बसू नये. धावणाराही एकटा नको. मशालीचा उजेड डोळ्यांवर येतो आणि धावणाऱ्याला बाजूचे काही दिसत नाही. दोघांनी बॅटरी घेऊन सोबत धावावे, मागे टेम्पो असावा. लहान पोरे टेम्पोतच बरी. बिबट्या दिसलाच तर पळू नका, खाली बसू नका. एकत्र उभे राहून मोठ्याने ओरडा आणि त्याला जायला वाट ठेवा.

निघण्याच्या आठ दिवस आधी एकाने वैशाखऱ्यात आणि घाटघरात जाऊन यावे. घाट चालू आहे का, पाणी कुठे आहे, ऊस कुठला तुटतो आहे, बिबट्या कुठे दिसला, हे तिथल्या माणसांना नि वनरक्षकाला विचारावे. वनखात्याचा 1926 हा फोन नंबर कागदावर लिहून घ्यावा. मोबाइलची रेंज घाटात कधी असते, कधी नसते. जुन्नरच्या शिवारातला टप्पा मात्र उजाडल्यावरच धावावा. ज्योत दोन तास उशिरा आली, तरी गाव वेशीवर थांबलेले असते.