मंद लेसरचे उपचार : वेदना, व्रण आणि मात्रेचा प्रश्न

उत्तरपत्रिका तपासून मान आखडली की आपल्यापैकी अनेकांना फिजिओथेरपी केंद्राची पायरी चढावी लागते. तेथे अलीकडे दहा-बारा बैठकांचे 'लेसर पॅकेज' सुचविले जाते. मलाही ते सुचविले गेले. माझा विषय भाषा, वैद्यक नव्हे. परंतु पैसे भरण्यापूर्वी थोडे वाचावे असे वाटले. त्या वाचनातून जे हाती आले ते अध्यापक बंधू-भगिनींसमोर ठेवत आहे.

लेसर म्हटले की कापणारा, जाळणारा किरण डोळ्यांसमोर येतो. शस्त्रक्रियेतील लेसर तसाच असतो. येथे विचार करावयाचा तो मंद लेसर. त्याची शक्ती बहुधा अर्ध्या वॅटच्या आत असते आणि त्वचेला ऊबही फारशी जाणवत नाही. माहितीपत्रकांत त्याला 'कोल्ड लेसर' म्हणतात, तर संशोधक आता 'फोटोबायोमॉड्युलेशन' हा शब्द वापरतात. (उर्दूत किरणासाठी 'शुआ' हा छोटासा शब्द आहे, या लांबलचक संज्ञेपुढे तो बिचारा वाटतो.)

प्रकाशाने रोग बरा करण्याची कल्पना लेसरहून जुनी आहे. त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पहिला लेसर थिओडोर मैमन यांनी १९६० मध्ये तयार केला. पुढे १९६७ च्या सुमारास बुडापेस्ट येथे एंद्रे मेस्टर लेसर आणि कर्करोग यांचा संबंध उंदरांवर तपासत होते. त्यासाठी उंदरांचे केस भादरले होते. ज्यांना मंद लेसर दिला त्यांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले! मेस्टर यांनी या अनपेक्षित निरीक्षणाचा पाठपुरावा केला आणि न भरणाऱ्या जुनाट जखमांवर हा प्रकाश वापरून पाहिला.

हे कसे घडते? सर्वाधिक मान्य मांडणी अशी की, लाल व त्यापलीकडील अवरक्त प्रकाश, म्हणजे सुमारे ६०० ते १००० नॅनोमीटर तरंगलांबीचा, पेशीतील सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर शोषून घेते. पेशीच्या ऊर्जानिर्मितीत या विकराचा मोठा वाटा असतो. त्यामुळे पेशीला ऊर्जा अधिक मिळते, दाह कमी होतो आणि ऊती लवकर सांधतात.

खरी अडचण मात्रेची आहे. प्रकाश फार कमी पडला तर काहीच होत नाही आणि फार जास्त पडला तर परिणाम उलट कमी होतो किंवा थांबतो. म्हणून तरंगलांबी किती, दर चौरस सेंटिमीटरला किती ज्यूल, किती बिंदूंवर, आठवड्यातून किती वेळा, हे सर्व ठरलेले असावे लागते. नुसते 'लेसर दिला' म्हणणे म्हणजे नुसते 'गोळी दिली' म्हणण्यासारखे आहे. मी केंद्रात हा प्रश्न विचारला तेव्हा 'मशीन इम्पोर्टेड आहे' एवढेच उत्तर मिळाले.

वेगवेगळ्या चाचण्यांचे निष्कर्ष जुळत नाहीत, त्याचे एक कारण हेच. मानदुखीवरील १६ चाचण्यांचा, एकूण ८२० रुग्णांचा आढावा 'लॅन्सेट'मध्ये २००९ साली आला. त्यात जुनाट दुखण्याला उपचार संपल्यावर २२ आठवड्यांपर्यंत आराम दिसला. कंबरदुखीबाबत मात्र कॉक्रेनच्या २००८ च्या आढाव्याला ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा मिळाला नाही. गुडघ्याच्या संधिवातावरील २०१९ च्या आढाव्यात शिफारस केलेल्या मात्रेच्या चाचण्यांत वेदना अधिक कमी झालेली दिसते. तेव्हा मानेसाठी प्रयत्न करून पाहण्यास हरकत नाही, कंबरेसाठी मोठी रक्कम आगाऊ भरू नये, असे माझे मत झाले.

परंतु या प्रकाशाचा सर्वांत भक्कम पुरावा जेथे आहे, त्याची जाहिरात कोणी करीत नाही. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर रेडिएशन सुरू झाले की बहुतेक रुग्णांच्या तोंडाचे अस्तर सोलवटते, व्रण पडतात, पाणीसुद्धा गिळवत नाही. तंबाखू-गुटख्याने ग्रासलेल्या आपल्या भागात असे रुग्ण शोधावे लागत नाहीत. मणिपालच्या संशोधकांनी २०१२ मध्ये २२१ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. मंद लेसर दिलेल्यांमध्ये तीव्र व्रण, वेदना आणि अफूजन्य वेदनाशामकांची गरज, तिन्ही कमी आढळली. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१८ मध्ये आणि कर्करोगाच्या सहायक उपचारांवरील आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये या वापराला मान्यता दिली. प्रकाश प्रत्यक्ष गाठीवर टाकत नाहीत आणि डोळ्यांना संरक्षक चष्मा लावतात, ही पथ्ये अर्थातच आहेत.

माझ्या मामूंना काही वर्षांपूर्वी हेच उपचार घ्यावे लागले. तिसऱ्या आठवड्यात तोंड इतके आले की दूधही उतरेना, आणि रेडिएशन आठ दिवस थांबवावे लागले. कर्करोगात असा खंड पडणे चांगले नसते. मुमानींनी तूप लावून पाहिले, आम्ही बर्फ आणला, मलमे आणली. प्रकाशाचा उपाय आम्हाला कोणी सांगितला नाही आणि आम्हालाही तो विचारता आला नाही.

हा उपचार व्रण पडू नयेत म्हणून देतात. त्यामुळे तो रेडिएशनच्या पहिल्या दिवसापासून, रोजच्या बैठकीपूर्वी काही मिनिटे द्यावा लागतो. सोय सर्व रुग्णालयांत नाही. कोठे आहे याची चौकशी पहिली तारीख ठरण्यापूर्वीच रेडिएशनच्या डॉक्टरांकडे करावी.