एल रोसिओची यात्रा

स्पेन देशाच्या दक्षिणेस आंदालुसिया नांवाचा प्रांत आहे. तेथें अल्मोंते गांवाच्या हद्दींत, दोन्यानाच्या विस्तीर्ण दलदलीच्या कांठीं, एल रोसिओ हें खेडें वसलें आहे. त्याचे रस्ते वाळूचे असून घरांपुढें घोडे बांधण्याकरितां लांकडी दांडे रोविलेले असतात. एरव्हीं येथें वस्ती थोडी. परंतु ईस्टरनंतर सात आठवड्यांनीं येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या सणास दहा लाखांपर्यंत यात्रेकरू जमतात, असें सांगतात.

येथील देवळांत पवित्र मरियेची मूर्ति आहे. लोक तिला प्रेमानें 'शुभ्र कपोती' म्हणतात. जुनें देऊळ 1755 सालच्या मोठ्या भूकंपांत मोडकळीस आलें. हल्लींचें देऊळ 1969 सालीं उघडण्यांत आलें.

या यात्रेचें खरें मर्म मात्र देवळांत नसून वाटेवर आहे. निरनिराळ्या गांवांचे शंभराहून अधिक बंधुसंघ मरियेचा ध्वज बैलगाडींत ठेवून निघतात. कित्येकांची वाट अनेक दिवसांची असते. पुढें चालणारा वादक एका हातानें पांवा व दुसऱ्या हातानें ढोल वाजवितो. ग्वादियामार नदीच्या उतारावर नवख्या यात्रेकरूच्या मस्तकावर पाणी ओततात आणि सोबती त्यास एक नवें, गमतीचें नांव देतात. तेव्हांपासून तो परका राहत नाहीं.

सोमवारीं पहाटेपूर्वीं अल्मोंतेचे तरुण कठडा ओलांडून आंत उड्या घेतात आणि मूर्ति खांद्यांवर घेऊन बाहेर येतात. रेटारेटी मोठी होते. तरीही आईबाप आपलीं तान्हीं मुलें अनोळखी माणसांच्या हातीं देतात. तीं मुलें लोकांच्या डोक्यांवरून हातोहात मूर्तीपर्यंत पोंचतात व तशींच सुखरूप परत येतात. केवढा हा विश्वास!

परंतु या उत्सवास एक काळी बाजूही आहे. उष्णतेनें व अतिश्रमानें वाटेंत घोडे व खेंचरें मरण पावल्याच्या घटना कित्येक वर्षीं घडल्या आहेत. त्यावर नियम करण्यांत आले व पशुवैद्यही नेमण्यांत आले. पण मुक्या जनावराचा थकवा मालकाच्या डोळ्यांस दिसला नाहीं, तर नियम काय करणार? ज्या वाटेवर परका मनुष्य सोबती होतो, त्याच वाटेवर आपणांस वाहून नेणारें जनावरही सोबती मानलें जावें. तसें होईल तेव्हांच ती यात्रा पुरी झाली, असें म्हणतां येईल.