महागडी आवृत्ती वेगवान नसते

विंडोज ११ची ‘होम’ आवृत्ती घ्यावी की ‘प्रो’, असा प्रश्न पडतो तेव्हा जास्त पैसे मोजले की संगणक जास्त वेगाने चालेल, अशी अपेक्षा मनात असते. प्रत्यक्षात दोन्हींचा गाभा, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरीचा कारभार पाहणारा कर्नेल, एकच असतो. त्यावरची कोणती दालने उघडायची, हे परवान्याची प्रॉडक्ट की ठरवते. म्हणूनच होमवरून प्रोवर जाताना सगळे पुसून नव्याने इन्स्टॉल करावे लागत नाही. नवी की टाकून संगणक रीस्टार्ट केला की पुरते. होम जास्तीत जास्त १२८ जीबी मेमरी वापरू शकते आणि प्रो २ टीबी; पण १६ जीबीच्या लॅपटॉपला दोन्ही मर्यादा दूरच आहेत.

तयार सोयी बंद करून माल स्वस्तात विकणे ही फसवणूक नाही का? अर्थशास्त्रात हा प्रकार जुना आहे. इंटेलने १९९१मध्ये आणलेली ४८६एसएक्स ही चिप मुळात ४८६डीएक्सच होती. तिच्यातला गणिती भाग तेवढा बंद केलेला होता. सॉफ्टवेअरची पहिली प्रत घडवायला अफाट खर्च येतो, पुढच्या प्रती जवळपास फुकट पडतात. हा खर्च सर्वांकडून एकाच दराने वसूल केला, तर ज्याची ऐपत किंवा गरज कमी तो ग्राहक बाहेर पडेल. कंपन्यांना लागणाऱ्या सोयींवर जास्त दर लावल्याने घरगुती ग्राहकाला कमी दर परवडतो. तेव्हा तक्रार या पद्धतीपेक्षा आपल्याला नको असलेल्या सोयींचे पैसे मोजण्याबद्दल असायला हवी.

त्या सोयी कोणत्या? दुसरीकडे बसून रिमोट डेस्कटॉपने आपला संगणक चालवणे, हायपर-व्हीमध्ये आभासी संगणक उभे करणे, कार्यालयाच्या डोमेनमध्ये सामील होणे आणि ग्रुप पॉलिसीने नियम लादणे. यांतले काहीच करायचे नसेल, तर प्रो घेऊन हाती फारसे काही लागत नाही. सुरक्षिततेचा आक्षेप मात्र वजनदार आहे, कारण डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरची पूर्ण सूत्रे प्रोमध्येच मिळतात. तरी पात्र संगणकांवर होममध्येही डिव्हाइस एन्क्रिप्शन असते, आणि लॅपटॉप चोरीला गेल्यास डिस्कवरची माहिती वाचता येऊ नये, ही मुख्य गरज त्याने भागते. पेन ड्राइव्ह बिटलॉकरने कुलूपबंद करायचे असतील किंवा संगणक सुरू होतानाच त्याचा पिन हवा असेल, तर मात्र प्रो लागते.

शेवटचा आक्षेप पैशांचा : पुढे प्रो लागलीच, तर दोनदा खर्च होईल. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टचा दर होमसाठी १३९ डॉलर, प्रोसाठी सुमारे २०० आणि होमवरून प्रोवर जाण्यासाठी ९९ आहे. म्हणजे आधी होम घेऊन नंतर बदलल्यास सुमारे ३८ डॉलर जास्त जातात. बदल करावाच लागला नाही, तर ६१ वाचतात. हिशेब मांडला तर प्रो लागण्याची शक्यता साधारण ६० टक्क्यांहून अधिक असेल, तरच ती आधी घेणे फायद्याचे. भारतातले दर वेगळे असले, तरी गणिताची रीत हीच. शिवाय वर चढायला एक की पुरते, तर प्रोवरून होमवर उतरायला सहसा पुन्हा इन्स्टॉल करावे लागते आणि जादा दिलेले पैसेही परत येत नाहीत. प्रोची नेमकी कोणती सोय याच वर्षी वापरणार, याचे उत्तर देता येत नसेल, तर होम घ्यावी.