लोखंडी खिडकी बदलायची की दुरुस्त करायची? एका प्रश्नाची फोड

"जुन्या लोखंडी खिडक्या चांगल्या की नवीन ॲल्युमिनियमच्या?" हा प्रश्न सोसायटीच्या सभेत चालतो, संशोधनाच्या प्रस्तावात नाही. 'चांगली' म्हणजे नेमकं काय, हेच त्यात ठरलेलं नाही. तो मोजता येईल असा कसा करायचा, ते आज बघू.

उदाहरण मुंबईचं घेऊ. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारतींत पोलादी चौकटीच्या खिडक्या सर्रास दिसतात. २०१८ साली हा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. दादर-माटुंग्याच्या जुन्या इमारतींतही अशा खिडक्या आहेत, पण मोठी दुरुस्ती निघाली की त्या आधी भंगारात जातात. एकदा गेल्या की परत येत नाहीत, म्हणून उत्तर नीट काढायला हवं.

आधी गंज. काच बसवायला पूर्वी खडूची पूड आणि जवसाचं तेल यांची पुट्टी वापरत. ती वाळून तडकते आणि पावसाचं पाणी काच आणि पोलाद यांच्या फटीत शिरतं. ते साचतं खालच्या आडव्या पट्टीवर. समुद्रावरच्या वाऱ्यातलं मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे पाऊस नसतानाही गंजणं चालूच राहतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो. त्याला फुगायला जागा लागते, आणि ती तो काचेवर नाहीतर गिलाव्यावर दाब देऊन मिळवतो. कोणी हात न लावता काच तडकते ती यामुळेच.

म्हणजे पहिला मोजण्याजोगा प्रश्न मिळाला: मूळ पट्टीची किती जाडी उरली आहे? वरून पापुद्रे भयंकर दिसतात, पण गंज फुगलेला असल्यामुळे नुकसान दिसतं त्यापेक्षा बरंच कमी असू शकतं. खरवडून कॅलिपर लावल्याशिवाय कळत नाही. (जुन्या रंगात शिसं असू शकतं, मास्क घाला, कोरडं घासू नका.)

आता उष्णता. इथे बरेच जण घसरतात, कारण ब्रिटनमधल्या अभ्यासांचे निष्कर्ष जसेच्या तसे उचलले जातात. साधं गणित करा. खिडकी २ चौरस मीटर, एकेरी काच, दर चौरस मीटरला दर अंशाला सुमारे ५.८ वॅट उष्णता पार होते. लंडनच्या हिवाळ्यात आत-बाहेर १५ अंशांचा फरक धरला तर जवळपास १७५ वॅट बाहेर जातात. मुंबईत ५ अंश फरक धरा, ६० वॅटसुद्धा होत नाहीत. पण पश्चिमेच्या खिडकीवर दुपारी चौरस मीटरला ५०० वॅट ऊन पडत असेल, तर साध्या काचेतून त्यातलं सुमारे ८० टक्के आत येतं. झाले ८०० वॅट! दुहेरी काच त्या ६० वॅटचे साधारण निम्मे करेल. ८०० वॅटसाठी मात्र छज्जा किंवा बाहेरचा पडदाच हवा. आणि ॲल्युमिनियम तर पोलादाच्या तीन-चार पट उष्णतावाहक, त्यामुळे नुसती चौकट बदलून इथे काय मिळणार?

वाऱ्याचं तर कोणी मोजतच नाही. बिजागरीची झडप जवळजवळ पूर्ण उघडते. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी निम्मीच उघडते. पंख्यावर भागवणाऱ्या घरात हा फरक मोठा आहे. मात्र खोली दिवसभर एसीवर असेल तर हिशेब उलटतो: वाकलेल्या झडपेच्या फटीतून दमट हवा आत येते आणि ती कोरडी करण्यात वीज जाते. म्हणून घर कसं वापरलं जातं, हा चल तुमच्या आराखड्यात हवाच.

दुरुस्तीचा दर्जा हाही एक चल. गंजावरूनच रंग फासला तर खाली गंजणं चालू राहतं. जस्ताचं प्रमाण जास्त असलेला प्रायमर स्वतः झिजून पोलाद वाचवतो, पण त्यासाठी जस्ताचा उघड्या धातूशी थेट संपर्क लागतो. 'दुरुस्त खिडक्या किती टिकल्या' असं वाचाल तेव्हा धातू कितपत साफ केला होता, ते आधी शोधा. ते दिलं नसेल तर तो आकडा बाजूला ठेवा.

खालची पट्टी पार खाल्ली गेली असेल तरी तेवढाच तुकडा कापून नवीन जोडता येतो. उभ्या पट्ट्याही गेल्या असतील, किंवा चौकट पिळवटून झडप बसतच नसेल, तर बदलणं रास्त. ही मोजणी एकेका खिडकीची करायची. समुद्राकडच्या आणि चौकाकडच्या खिडक्यांची उत्तरं एकाच घरात वेगळी येऊ शकतात.