निळ्या रंगात काय दिसते?

गोष्ट काही वर्षांपूर्वीची आहे. भीमजयंतीनिमित्त उल्हासनगरात आमच्या मंडळाने चित्रस्पर्धा ठेवली होती. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तिन्ही शहरांतून मुलांनी चित्रे आणली. चवदार तळे, दीक्षाभूमी, संविधान हाती घेतलेले बाबासाहेब, चिमणीच्या उजेडात वाचणारा बाल भीमराव. परीक्षक आम्हीच होतो. अंबरनाथहून आलेल्या विशी-बाविशीच्या एका तरुणाने चादरीत गुंडाळलेला चार फुटांचा कॅनव्हास सोडला. त्यावर निळा रंग होता. निळ्यावर निळा, त्यावर आणखी निळा. खालच्या अंगाला मातकट पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ. बाकी काही नाही.

“यात बाबासाहेब कुठे आहेत?” आम्ही विचारले.

“कुठंच नाहीत, काका.”

“मग हे आहे तरी काय?”

“रंग आहे. बघा ना थोडा वेळ.”

आम्ही थोडा वेळही बघितले नाही. ‘विषयाला धरून नाही’ असा शेरा मारून चित्र परत केले. कुणीतरी हसलेही. त्याने ते पुन्हा चादरीत बांधले, मोटारसायकलवर मागे बसलेल्या मित्राच्या हाती दिले आणि निघून गेला. नंतर कळले, त्याचे वडील पेंटर होते. जयंतीच्या कमानी, निवडणुकीच्या भिंती, दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांची हयात गेली. फ्लेक्स आले आणि ते काम संपले. पोराच्या हातात ब्रश आला तो बापाच्या डब्यातला.

आजचा हा लेख म्हणजे त्या शेऱ्याची कबुली आहे. पण नुसत्या कबुलीने भागणार नाही. त्या दिवशी आम्हाला त्या चित्रात काहीच का दिसले नाही, हे तपासले पाहिजे.

आमच्या बाजूने बोलायचे तर बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ज्या समाजाची सावलीसुद्धा विटाळ मानली गेली, त्या समाजाला स्वतःचा चेहरा मिळवायला किती रक्त आटवावे लागले! गावागावात बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला तो सहजासहजी नाही. त्यासाठी लाठ्या खाल्ल्या, खटले अंगावर घेतले. घराच्या भिंतीवरची बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर ही आमच्यासाठी शोभेची वस्तू नाही, ती आमची ओळख आहे. तेव्हा चित्रात माणूस शोधणे ही आमची खोड नव्हे, तो आमचा इतिहास आहे. प्रश्न एवढाच, की चेहरा मिळवण्यासाठी लढलेल्या समाजाने चेहऱ्याशिवायचे चित्र काढूच नये काय?

अशा चित्राला अमूर्त चित्र म्हणतात. झाड, माणूस, घर यातले काही ओळखू यावे असा त्याचा आग्रह नसतो. रंग, रेषा, आकार आणि मोकळी जागा हाच त्याचा ऐवज. हे खूळ एका रात्रीत आलेले नाही. कॅमेरा आल्यावर हुबेहूब नक्कल करण्याचे काम यंत्राने उचलले आणि चित्रकार स्वतःला विचारू लागले, की मग आपले काम कोणते? १९१०च्या सुमारास कँडिन्स्कीने वस्तूचा आधार सोडून चित्रे काढायला सुरुवात केली. त्याच्याही आधी, १९०६ पासून, स्वीडनमध्ये हिल्मा आफ क्लिंट ही बाई तशी चित्रे काढत होती. पण कलेच्या इतिहासात तिचे नाव यायला कितीतरी दशके लागली. कुणाचे नाव आधी छापले जाते आणि कुणाचे मागे राहते, हा अनुभव आमच्या वाचकांना नवा नाही.

१९१५ साली मालेविच नावाच्या चित्रकाराने रशियातील पेट्रोग्राड शहरात एका प्रदर्शनात पांढऱ्यावर रंगवलेला नुसता काळा चौकोन मांडला. तो टांगला कुठे? दोन भिंती जिथे मिळतात तिथे, छताजवळच्या कोपऱ्यात. रशियन घरांत त्या जागी देवाची तसबीर असते. लोक खवळले. आमच्या घरात ज्या जागी तसबीर आहे तिथे कुणी कोरा निळा चौकोन लावला तर आपणही खवळू. पण मालेविचने जी जागा निवडली तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. अमूर्त चित्र म्हणजे दिवाणखान्याच्या रंगाला जुळणारा तुकडा नव्हे. माणसाच्या मनातल्या सर्वांत गंभीर जागेवर ते हक्क सांगते.

कुणी म्हणेल, ज्याचा अर्थ सांगता येत नाही ते काय कामाचे? बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. एवढा ग्रंथांचा माणूस, एकेका शब्दासाठी वाद घालणारा. त्याने असे वाद्य हाती घेतले ज्यात शब्दच नाहीत. व्हायोलिनच्या सुराला कुणी विचारत नाही, ‘यात झाड कुठे आहे?’ कान जे मान्य करतात ते डोळ्यांनी का मान्य करू नये?

दुसरा आक्षेप मात्र गंभीर आहे. हा भरल्या पोटाचा खेळ आहे, असे आमचे कार्यकर्ते म्हणतात. त्याला आधारही आहे. आपल्याकडील अमूर्त चित्रकलेतले सर्वांत मोठे नाव वासुदेव गायतोंडे यांचे. जन्म नागपूरचा, १९२४ चा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. झेन बौद्ध विचारांची त्यांना ओढ होती. वर्षाला मोजकीच चित्रे काढणारा हा माणूस २००१ साली गेला. पुढे २०१३ साली मुंबईतल्या लिलावात त्यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाखांना विकले गेले. हा आकडा ऐकून सुभाष टेकडीवरच्या माणसाला ही कला आपली वाटावी तरी कशी? पण किंमत बाजाराने लावली. बाजाराने एखादी वस्तू ताब्यात घेतली म्हणून ती आपली राहत नाही, असे मानले तर आपल्याजवळ शिल्लक काय राहील?

आणि याच प्रवाहात आणखी एक नाव आहे, जे आम्हाला फार उशिरा कळले. अंबादास. जन्म १९२२, अकोला. जे. जे.चे विद्यार्थी, नंतर विणकर सेवा केंद्रात हातमागाच्या कापडासाठी नक्षीकाम. १९६२ साली स्थापन झालेल्या ‘ग्रुप १८९०’ या बारा कलावंतांच्या गटात ते होते. या गटाचे एकमेव प्रदर्शन १९६३ साली दिल्लीत भरले आणि त्याचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. अंबादास यांच्या चित्रात वस्तू नाहीत. रंगाचे जाड पट्टे पुरासारखे वाहतात, एकमेकांत घुसतात, वळतात. पुढे ते नॉर्वेला गेले आणि २०१२ साली ऑस्लो येथे वारले. चित्रजगतात त्यांना नुसते ‘अंबादास’ म्हणून ओळखतात. त्यांचे पूर्ण नाव अंबादास खोब्रागडे.

आडनाव वाचून आम्ही थबकलो. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्यामुळे रिपब्लिकन चळवळीत घराघरात पोहोचलेले हे आडनाव. चित्रकाराने ते मागे का ठेवले, याचे कारण आम्ही त्यांच्या तोंडी घालणार नाही. प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारतो. आमच्या व्याख्यानमालांत कवींची, शाहिरांची, लेखकांची नावे घेताना हे नाव आम्ही कधी घेतले होते काय? त्यांच्या चित्रात ‘विषय’ नव्हता, म्हणून तर ते आमच्या यादीतून सुटले नाहीत ना?

हा पेच एकट्या आपला नाही. ज्या अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या पँथरवरून आपल्या पँथरने नाव घेतले, त्यांच्यातही तो होता. न्यूयॉर्कचे नॉर्मन लुईस हे चित्रकार सुरुवातीला बेघर झालेली कृष्णवर्णीय कुटुंबे रंगवीत. १९४०च्या दशकात ते अमूर्ताकडे वळले. गोऱ्या समीक्षकांनी त्यांना पहिल्या रांगेत बसवले नाही, आणि स्वतःच्या समाजातूनही प्रश्न आला, की आपले दुःख का रंगवत नाही? १९६३ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ‘स्पायरल’ हा गट काढला. नागरी हक्कांच्या लढ्यात चित्रकाराने काय करावे, हाच तिथे चर्चेचा विषय. लुईस लढ्यापासून पळाले नाहीत; १९६९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमविरुद्धच्या निदर्शनात ते उतरले. पण कॅनव्हासवर काय काढायचे हा निर्णय त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नाही. अल्मा थॉमस या वॉशिंग्टनच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाई. निवृत्तीनंतर त्यांनी भडक रंगांच्या ठिपक्यांची अमूर्त चित्रे काढली. १९७२ साली, वयाच्या ८०व्या वर्षी, न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये एकल प्रदर्शनाचा मान मिळालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली.

आमच्या मते खरा मुद्दा इथे आहे. प्रस्थापित कलाजगत आमच्या पोरांकडून एकच मागणी करते, तुमच्या जखमा दाखवा. आणि आम्ही चळवळीतले लोकही तेच मागतो. सवर्ण चित्रकाराने नुसता रंग लावला तर तो चिंतन करतो आणि आमच्या पोराने लावला तर तो विषय सोडून जातो! दुःख मांडण्याचा हक्क आम्ही लढून मिळवला. दुःखापलीकडे पाहण्याचा हक्क आमच्याच पोरांना आम्ही नाकारायचा काय? गुलामाला फक्त गुलामीबद्दलच बोलू देणे हीसुद्धा एक बेडीच आहे.

बरे, हे सारे परदेशातून आले असेही नाही. आमच्या अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे. त्याच्या बाहेरच्या भिंती पाहा. मूर्तींनी आणि नक्षीने गजबजलेल्या, डोळ्यांना विसावा म्हणून नाही. आता बदलापूरहून कर्जत लोकल पकडा आणि राजमाचीच्या पायथ्याची कोंडाणे लेणी पाहून या. ती मंदिराच्याही हजार वर्षे आधीची, इसवी सनाच्या पूर्वीची. दर्शनी भागावर नाचणारी जोडपी आहेत, पण बुद्धाची मूर्ती नाही. चैत्यगृहात एक स्तूप आहे. खालून झिजलेला, तरी उभा. गोल पाया, त्यावर अर्धगोल. ना डोळे, ना हात, ना चेहरा. आणि माणसे त्याभोवती प्रदक्षिणा घालून नतमस्तक होत होती.

सांचीच्या पूर्व तोरणावर सिद्धार्थाचे गृहत्याग कोरले आहे. घोडा आहे, घोड्यावर धरलेले छत्र आहे, स्वार मात्र नाही. ती रिकामी जागा म्हणजेच तो. हे प्रतीक झाले आणि प्रतीक व आधुनिक अमूर्त चित्र एकच नव्हे, हे आम्हाला मान्य आहे. पण दोहोंना पाहणाऱ्याकडून एकच गोष्ट हवी असते. सगळे दाखवून न टाकता, उरलेले त्याने स्वतःच्या मनाने गाठावे.

कोंडाण्याला आणखी एक नवल आहे. एका भग्न चेहऱ्याशेजारी ब्राह्मी लिपीत नोंद आहे, की कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचे नाव आज वाचता येते. आमच्या पेंटरांच्या रंगवलेल्या भिंतींवर खाली कोपऱ्यात नाव असे, ते पुढच्या निवडणुकीच्या चुन्याखाली गेले.

मग असे चित्र पाहायचे कसे? त्यासाठी पदवी लागत नाही. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत राबलेल्या माणसाला विचारा. एका निळ्याच्या दहा छटा तो लांबून वेगळ्या काढून दाखवील. वॉशमध्ये एक कपडा जरा फिका निघाला तरी त्याच्या डोळ्याला खुपतो. वालधुनीचे पाणी कारखान्यांच्या सांडपाण्याने कधी लाल, कधी निळे वाहताना आमच्या लोकांनी पाहिले आहे आणि रंग बदलला की वास कोणता येणार हेही ओळखले आहे. एवढे तयार डोळे असलेल्या लोकांनी ‘आम्हाला चित्रातले कळत नाही’ म्हणणे म्हणजे स्वतःला कमी लेखणे आहे. चित्रासमोर पाच मिनिटे उभे राहा. ‘हे काय आहे’ हा प्रश्न बाजूला ठेवा. रंग कुठे दाट आहे, कुठे पातळ, खालचा थर कुठून डोकावतो, नजर कुठे थांबते आणि का, एवढेच पाहा. नाही भिडले, तर नाही भिडले म्हणा. अमूर्त म्हणून प्रत्येक चित्र थोर नसते. त्यातही पाट्या टाकणारे आहेत. पण आधी पाहा, मग नाकारा. आम्ही आधी नाकारले.

मध्यंतरी त्या तरुणाचा शोध घेतला. तो आता बदलापूरला राहतो, फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर डिझाइन करतो. जो धंदा बापाच्या पोटावर आला, त्यावरच पोराचे पोट आहे. आम्ही म्हणालो, “तुझे ते निळे चित्र या जयंतीला लावायचे आहे.”

तो म्हणाला, “ते नाही आता, काका. कापड महाग आहे. त्याच्यावरच दुसरं काढलं.”

दुसरे चित्र त्याने दाखवले. करड्या-पांढऱ्या रंगाचे, जवळजवळ कोरे. डाव्या कडेला रंग खरवडला होता आणि तिथून जुना निळा दिसत होता. आम्ही काही विचारले नाही. उभे राहिलो. त्याची आई चहा घेऊन आली, चहा निवला, तरी आम्ही त्या निळ्या कडेकडेच पाहत होतो. जे आम्ही हसून परत पाठवले, त्यातले आता एवढेच शिल्लक आहे.

म्हणून आमच्या मंडळापुढे आणि या तिन्ही शहरांतल्या सर्व मंडळांपुढे एक सूचना ठेवतो. येत्या १४ एप्रिलच्या प्रदर्शनात एक भिंत अशी ठेवा जिला विषय नसेल. बाबासाहेबांची चित्रे असतीलच, असलीच पाहिजेत. पण त्यांच्या शेजारी त्यांच्या लेकरांनी काढलेले, कशाचेही नसलेले चित्र असू द्या. चळवळीने पोरांच्या हाती लेखणी दिली. ब्रशही दिला आहे. त्याने काय काढायचे, ते आता त्यांना ठरवू द्या.

जय भीम!